भाऊबंद कितला?

नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, फार तर पोरगा कुठे नोकरीला आहे ते विचारतात. आमच्या कॉलनीतले देवरे नाना एकच विचारतात, "भाऊबंद कितला?" म्हणजे तुम्हाला भाऊबंद किती. चहापाणी नंतर. आणि उत्तरावर माणसाचा भाव ठरतो. भाऊबंद भरपूर निघाले की नानांचा रस संपतो. शांतपणे सांगतात, "मग तुमची काळजी नाही. तुम्ही गेलात तरी चालेल."

एकदा एक विमावाला त्यांच्याकडे चुकून शिरला. बिचारा टाय लावून आलेला. नानांनी विचारलं, त्यानेही छाती फुगवून सांगितलं की गावात अर्धी गल्ली आमचीच आहे, चुलते, पुतणे, मोजदाद नाही. नाना म्हणाले, "मग विमा कसला काढता? तुमच्यासारखे खूप आहेत. तुम्ही गेलात तरी चालेल." पोरगा तोंडात मारल्यासारखा बाहेर आला आणि थेट माझ्या गिरणीच्या पायरीवर बसला. मीच त्याला पाणी दिलं. म्हटलं, मनावर घेऊ नको रे बाबा, त्यांनी तुला फुलपाखरू समजून सांगितलंय.

माझी जळगावात पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, नवऱ्याने चालवली, आणि नवरा दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघायला लागल्यापासून मी चालवते. नानांचं घर गिरणीच्या समोर. ते धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मूळचे पिंपळनेरकडचे. निवृत्त झाल्यावर बायकोच्या हौसेने तिच्या माहेरच्या गावात, जळगावात, घर घेतलं. मग बायको वारली आणि नाना घरासकट इथेच राहिले. मूलबाळ नाही. एरवी पुस्तकासारखं मराठी बोलतात. फार रागावले किंवा हळवे झाले की मात्र अहिराणीवर येतात.

आयुष्यभर या माणसाने एकच काम केलं. कोणतं फुलपाखरू कोणाच्या घरातलं, ते ठरवायचं. संध्याकाळी गिरणीपुढच्या स्टुलावर बसतात, शेजारच्या लिंबावर नजर ठेवतात, आणि मी दळण काढत असताना मला शिकवतात.

"वर्गीकरण म्हणजे भाऊबंदकीच, अक्का. कोण सख्खं, कोण चुलत, कोण नुसतं आडनावापुरतं. रंगावर अजिबात जायचं नाही. दोन फुलपाखरं दिसायला जुळी असतात आणि नात्याने एकमेकांची कोणी नसतात."

"माझं आणि माझ्या जावेचं तसंच आहे," मी म्हटलं. नाना हसले नाहीत. त्यांना वाटलं मी उदाहरण दिलं.

या बाबतीत माणूस भयंकर कडक. कॉलेजातल्या एका जोडीदाराने कधीकाळी लिहिलं की नानांनी वेगळ्या ठरवलेल्या दोन जाती मुळात एकच आहेत. नानांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "विभक्त झालेल्या दोन घरांना त्याने ओढून एका चुलीवर बसवलं!" हे अजून असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं शेतीची भांडणं चाललीत. मी एकदा त्यांना डिवचलं. म्हटलं, नाना, आम्हा बायकांचं बघा, लग्न झालं की माहेरचं कुळ सुटतं, सासरचं लागतं. फुलपाखरांनी काय घोडं मारलंय? नानांनी खरोखर विचार केला. चष्मा पुसला. मग म्हणाले, "सुरवंटाचं फुलपाखरू होतं, पण कुळ बदलत नाही. ही सोय फक्त तुमच्याकडे आहे."

गेल्या वर्षी कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर फुलपाखरांची बाग करायचं ठरलं. अध्यक्ष पाटील आबांनी बैठक बोलावली. जागा बेताची, म्हणून एकाच फुलपाखराच्या सोयीची झाडं लावायची, आणि ते कोणतं ते ठरवायचं. आबांनी मोबाइलवर एक मोठं काळंनिळं फुलपाखरू दाखवलं. बायका म्हणाल्या, अगं बाई, पैठणीच जशी! ठरल्यात जमा होतं.

तेवढ्यात नाना उठले. त्यांच्या हातात काचेच्या पेटीत एक मातकट, बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. लांबून वाळकं पानच वाटावं. त्याचं लॅटिन नाव त्यांनी एका दमात घेतलं, ते मला आजवर जमलेलं नाही. ते आपल्याच प्लॉटच्या तारेवरच्या वेलीवर राहतं, म्हणाले.

"कोणती वेल? ती खाजरी?" पाटील आबा ओरडले.

तीच. हात लागला की घरी जाईपर्यंत माणूस खाजवत सुटतो अशी वेल. पोरांचा चेंडू त्या बाजूला गेला की तो गेलाच. ती वेल नाना गुपचूप पाणी घालून वाढवत होते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. बैठकीत जो गलका झाला म्हणता!

नाना थांबले नाहीत. "तुमचं ते निळं सुंदर आहे. पण त्याचं घराणं मोठं आहे. उद्या एक शाखा गेली तर चुलत घरं दिवा लावतील. याला सख्खं नाही, चुलत नाही, अख्ख्या कुळात हे एकटं उरलंय. हे गेलं तर एक फुलपाखरू जाणार नाही, घराला कुलूप लागेल. सगळ्यांना वाचवता येत नसेल तर ज्याला कोणी नाही त्याला आधी वाचवा. एवढंच माझं शास्त्र आहे. एक कोपरा सोडा. बठ्ठा प्लॉट नको."

मतदान झालं. नानांच्या बाजूने दोनच हात वर, एक त्यांचा आणि एक माझा. खरं सांगते, माझा हात फुलपाखरासाठी नव्हता, पाटील आबांच्या विरोधात होता. ते माझ्याकडे दळण टाकतात आणि पीठ जाड आलं म्हणून कुरकुरतात.

दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. त्याच्या आधी नानांनी वेलीचे तुकडे सुरवंटांसकट कापून कुंड्यांत लावले आणि घरात नेले. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. मी खोबरेल तेल दिलं तर म्हणाले, "राहू द्या. माझी ओळख आहे तिच्याशी."

मग श्रावण आला आणि आमच्याकडे कानबाई देवीच्या सणाची धांदल सुरू झाली. खानदेशात कानबाई म्हणजे काय ते इथल्या गिरणीवालीला विचारा. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, सगळ्या भाऊबंदांचे गहू एकत्र दळायचे, आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे जाडजूड पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घासही चालत नाही. मी गिरणी धुऊनपुसून घेते, मग रोटाची दळणं लागतात. कोणाच्या घरी पोरगा झाला, कोण भांडून वेगळं झालं, मला डब्यावरून कळतं. पाटील आबांचे डबे रिक्षातून येतात.

त्या गर्दीत नाना आले, हातात स्टीलचा छोटा डबा. आजवर त्यांची कानबाई पिंपळनेरला थोरल्या भावाकडे बसायची. थोरले होळीच्या सुमाराला गेले. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरच्या रोटाच्या झाल्या. पुतणे नव्हतेच. मी डबा उघडला. तळाला सव्वा मूठ गहू.

"बाकीचे, नाना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बठ्ठा इतलाच शे."

म्हणजे सगळे एवढेच आहेत. मी त्यांचा डबा रांगेतून पुढे घेतला. पण अडचण निराळीच होती. एवढे गहू गिरणीत टाकले तर पीठ हाताला येतच नाही. दगडाला, कापडाला लागून राहतं, गिरणीच खाऊन टाकते. दुसऱ्याच्या दळणात घालावेत तरच निघतात. मी त्यांना हळूच सांगितलं. म्हटलं, माझ्या घरच्या दळणात घालते. कोणाला कळतंय?

"माले कळी," नाना म्हणाले. मग जरा सावरून, "अक्का, मिसळ होऊ द्यायची नाही, हेच काम केलं मी आयुष्यभर. आता स्वतःसाठी कशी करू?" डबा बंद केला आणि रस्ता ओलांडून गेले. नंतर त्यांच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत राहिला. मी इतकी चिडले त्या माणसावर! आणि दळण उतरवताना डोळे सारखे भरून येत होते.

रविवारी आमच्याकडे चाळीसगावचे दीर, पुतणे, त्यांची पोरं, घरात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी जेवणं झाली तशी मी पदराला हात पुसत समोर गेले. दार उघडंच होतं.

नानांनी कानबाई मांडली होती. चौरंग, नारळ, त्याला नथ, बायकोची असावी. नथ उलट्या बाजूला लावली होती. खिडकीत खाजऱ्या वेलीच्या कुंड्या. पानावर गंगाफळाची भाजी, खीर आणि एक रोट, कुटलेल्या पिठाचा, कडा फाटलेला. नाना पाटावर बसले होते. समोर कोणी नाही, शेजारी कोणी नाही.

"अक्का, तुम्हाला खाता येणार नाही," ते घाईने म्हणाले. "नियम आहे."

"मी कुठे मागितलं? पोट फुटेस्तोवर जेवून आले. बसायला आहे का नियम?"

नानांनी बराच विचार केला. "बसायला नाही."

मग मी बसले. आधी नथ सरळ केली आणि मग बसले. नाना हळूहळू जेवत होते. रोट कडक झाला होता, ते पुन्हा पुन्हा पाणी पीत होते. मध्येच म्हणाले, "लहानपणी भाऊ म्हणायचा, आपली कानबाई गर्दीला कंटाळते. इतक्या पंगती उठायच्या तेव्हा आमच्याकडे."

मला राहवलं नाही. "नाना, तुम्ही जगाला विचारता, भाऊबंद कितला. तुमच्या शास्त्राने कधी स्वतःकडे बघितलं का? ज्याला कोणी नाही त्याला आधी वाचवायचं ना?"

त्यांचा घास हातातच राहिला. "माले कोन वाचाडी?" म्हणाले. मला कोण वाचवणार. तक्रार नव्हती हो त्यात. वर्गात मुलाने अवघड प्रश्न विचारावा तसं विचारलं.

शेवटचा तुकडा संपेपर्यंत मी तिथून हलले नाही. निघताना त्यांनी खिडकीतल्या दोन कुंड्या माझ्यापुढे केल्या. "रोट देता येत नाही. ही न्या. हिला नियम नाही. माझ्याकडे ऊन कमी पडतं."

ती वेल आता माझ्या गिरणीच्या मागच्या भिंतीवर चढली आहे. गिऱ्हाइकं खाजवतात आणि मला शिव्या घालतात. पाटील आबा तर दोनदा खाजवून गेले. नाना रोज संध्याकाळी वेल बघायला येतात, निदान ते तसं म्हणतात. वेल बघून झाली तरी दिवेलागण होईपर्यंत स्टुलावर बसून असतात. मीही उठा म्हणत नाही, दुसरा चहा टाकते.

परवा भिंतीवर एक कोष फुटला. आम्ही दोघं उभे. ते ओलं, मातकट, चुरगळलेलं काहीतरी पानाला धरून पंख वाळवत बसलं. दिसायला काही म्हणजे काही नाही. नाना चष्मा वर करून इकडेतिकडे वेलीवर दुसरं शोधत राहिले. मिळालं नाही.

"एकच शे," ते म्हणाले.

"शे ना पण," मी म्हटलं.