कानी न पडलेलं सूतक

माझ्या मुलीचं, जननीचं, लग्न मैलापुरात ठरलं, त्याच वर्षी समुद्रापलीकडे दोन देशांचं युद्ध जुंपलं. दोन्ही देश आपले मित्र. एक आपल्याला तेल देतो, दुसरा तोफा. त्यामुळं कुणाचा बॉम्ब कुणावर पडला, हे सांगणं देशहिताचं नव्हतं.

माझा मुलगा श्रीहरी गिंडीच्या एका वृत्तवाहिनीत बातम्या लिहितो. तिथले नियम पक्के. शत्रूचा बॉम्ब माणसं मारतो. मित्राचा बॉम्ब 'लक्ष्य साधतो'. दोघेही मित्र असले, तर नुसताच 'मोठा आवाज' होतो.

लग्नाला तीन दिवस असताना एका बंदरावर तसा आवाज झाला. माझा धाकटा भाऊ शेषाद्री तिथंच क्रेन दुरुस्त करायचा. त्याची बायको कनका वेलचेरीहून धावत आली.

"भावोजी, ह्यांचा फोन लागेना!"

"काकू, सगळे भारतीय सुखरूप आहेत," श्रीहरी म्हणाला. "मीच लिहिलंय."

"कुणाला विचारून?"

"वरच्यांना."

"अरे, तुझ्या काकाला विचारलंस का?"

पंचाईत सुतकाची होती. भाऊ गेला असला तर घराला सूतक, आणि लग्न लांबणार. पण नवऱ्या मुलाचं परदेशाचं विमान कुणासाठी थांबणार? आमचे पुरोहित अप्पाजी वाद्यार यांनी मार्ग काढला. "दूरदेशीचं सूतक कानी पडल्यापासून लागतं. पडूच देऊ नका."

आम्ही सगळे फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले. दाराची घंटा काढून ठेवली. टीव्ही मात्र मोठ्यानं लावला. त्यावरून खरी बातमी कानी पडण्याची भीती नव्हती.

लग्न थाटात झालं. कनका कुंकू लावून, मल्लीचा गजरा माळून उभी राहिली. वाहिनीच्या भरवशावर.

पुढच्या आठवड्यात तेलवाल्या देशानं भाव वाढवला. लगेच त्याचे बॉम्ब मागच्या तारखेपासून पडू लागले. शेषाद्री टीव्हीवर हुतात्मा झाला. त्याचा फोटो, मागं ज्वाळा, वर तुतारी. कॅमेरे घरी आले. कनकानं कुंकू पुसलं. उजेड कमी पडला म्हणून त्यांनी ते पुन्हा लावून पुन्हा पुसायला लावलं. आम्ही सुतकात बसलो.

ते फिटण्याआधीच तेलाचा भाव उतरला. श्रीहरी धापा टाकत घरी आला.

"काकू, काका आता 'संपर्काबाहेर' आहेत. रडू नका. बाबा, सूतक आवरा."

"अर्धं सूतक शास्त्रात नाही," वाद्यार म्हणाले. मग घसा खाकरला. "पण देशहित असेल, तर बघू."

कनका कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. "श्रीहरी, रोज सकाळी तेवढा तेलाचा भाव सांगत जा रे. मग आरशापुढं बसेन."

त्याच दुपारी शेषाद्रीचा सोबती त्याचं घड्याळ घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "लग्नाआधी किती फोन केले हो तुम्हाला!"

लग्नाच्या पंगतीत तुम्हीही होतात. ताकाची वाटी तोंडाला लावता लावता विचारलंत, "आपलं कुणी नाही ना गेलं तिकडं?"

गेलं. माझा भाऊ शेषाद्री. वैशाख शुद्ध सप्तमीला, गुरुवारी सकाळी, मित्राच्या बॉम्बनं.