कप्प्याबाहेरचं बोट

रविवारी सकाळी काकासाहेब तांगडे यांची गाडी काकासाहेबांना विसरली.

गाडी विजेवर चालणारी होती आणि जेमतेम पाच वर्षांची होती. विसरण्याचं वय काकासाहेबांचं झालं होतं, गाडीचं नव्हे. तरी घडलं ते असं. पुंडलिकनगरातल्या आपल्या गल्लीत काकासाहेब कोरा सदरा आणि नवा फेटा सांभाळत गाडीत बसले. समोरच्या टीव्हीएवढ्या पडद्यावर रोजच्यासारखं ‘नमस्कार, काकासाहेब’ उमटायची वाट बघू लागले. पडद्यावर उमटलं, ‘आपण कोण?’ काकासाहेब उत्तर देण्याच्या बेतात होते, तेवढ्यात पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

दुसऱ्या कुणी अशा वेळी सरळ भाड्याची गाडी बोलावली असती. काकासाहेबांना ती सोय नव्हती. त्या दिवशी पाचोड या गावी त्यांच्या मुलीचा, राजनंदिनीचा साखरपुडा होता. मुहूर्त भर दुपारचा होता. आणि जावयाच्या बोटात घालायची अंगठी गाडीच्या कप्प्यात होती. या कप्प्याला मूठ नव्हती, कडी नव्हती, चावीचं भोकही नव्हतं. तो फक्त पडद्यावर पासवर्ड टाकून बोट टेकवल्यावर उघडत असे.

कप्पा हा तांगडे घराण्याचा मानबिंदू होता. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी गाडीत बसवायचं आणि हात न लावता कप्पा उघडून दाखवायचा, अशी त्या घरात रीतच पडली होती. सिलिंडरवाला, मीटरवाला, मुलगी बघायला आलेली मंडळी, कुणी म्हणजे कुणी कप्पा पाहिल्याशिवाय परत गेलं नव्हतं. आत कधीच काही नसायचं. पण काकासाहेब तो अशा दिमाखात उघडत, की रिकाम्या कप्प्यालाही लोक ‘वा’ म्हणत. त्यात काहीतरी ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

“मी सांगत होते, अंगठी कपाटात ठेवा,” त्यांच्या पत्नी मेघाताई म्हणाल्या.

“कपाटाला चावी असती. चावी कुणाच्याबी हाताला लागती. ह्याला पासवर्ड हाय.”

“मग टाका की पासवर्ड.”

“कुठं टाकू?”

मेघाताईंनी काळ्या पडद्याकडे पाहिलं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. पदर नीट करून त्या म्हणाल्या, “आरसा मात्र बरा झालाय.”

लक्षणं तशी महिनाभरापासून होती. मागचा कॅमेरा आदल्या दिवशीचं चित्र दाखवू लागला होता. एकदा आदल्या दिवशी मागं मोकळी गल्ली होती आणि त्या दिवशी शेजारच्या राजकुमारची स्कूटर होती. काकासाहेबांनी डोळ्यांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला आणि गाडी मागं घेतली. नंतर भरपाईच्या बोलण्यात त्यांनी ठामपणे मांडलं, की गाडी अद्ययावत होती, स्कूटर नव्हती.

गाडी चालत होती, एवढं नशीब. मात्र एसी पडद्यात होता, काचा खालीवर करायचं बटण पडद्यात होतं, आणि महिना मे होता. काचा बंद, एसी बंद अशा अवस्थेत काकासाहेब, मेघाताई आणि राजनंदिनी आधी पाचोडच्या उलट्या दिशेला, पडेगावच्या रस्त्यावरच्या कार्यशाळेकडे निघाले.

तिथं सम्यक नावाचा तरुण भेटला. छातीवरच्या पट्टीवर ‘ग्राहक आनंद अधिकारी’ असं लिहिलेलं होतं. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं आणि घरी कुणी वारल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाला, “सर, मेमरी गेली.”

“कुठं गेली?”

“झिजली सर. गाडी सारखी लिहीत असते ना. दार उघडलं, लिहिलं. हॉर्न वाजवला, लिहिलं. कप्पा उघडला, लिहिलं. तुम्ही सीटवर सरकून बसलात, तेही लिहिलं. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. शेवटी जागा झिजते.”

“अन् एवढं वाचतं कोण?”

“कुणीच नाही, सर.”

 काकासाहेब एका कार्यालयात अव्वल कारकून होते. कार्यालयाचं नाव इथं देत नाही, कारण वाचकांपैकी पुष्कळांची कामं तिथं अडकलेली आहेत, ती आणखी अडकायला नकोत. उभ्या नोकरीत त्यांनी ज्या टिपण्या लिहिल्या होत्या, त्याही कुणी वाचल्या नव्हत्या. त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

“वॉरंटी हाय ना पण?”

“आहे ना सर. पडदा पूर्ण वॉरंटीत आहे. काच फुटली असती तर आत्ता बदलून दिला असता.”

“काच फुटली नाय.”

“तीच तर अडचण आहे. मेमरी वॉरंटीत येत नाही. ती टायरसारखी झिजणारी वस्तू धरतात.”

“टायर बाजारात मिळतो.”

“तेवढाच फरक आहे, सर.”

“मग मी काच फोडतो.”

“मुद्दाम फोडली तर गाडी तशी नोंद करते.”

“अहो, तिला आता लिहिताच येत नाय!”

“बरोबर आहे सर. पण तिला लिहिता येत नाही, हे तिच्या नोंदीवरूनच सिद्ध करावं लागेल.”

काकासाहेबांनी सम्यककडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलगा पोरसवदा होता, पण बोलण्यात पोक्तपणा होता.

“बरं, तक्रार लिहून घ्या.”

“तक्रार ऑनलाइन करायची असते. मोबाइल काढा. गाडीचा नंबर टाका. हां, आता ओटीपी येईल.”

“आला नाय.”

“मोबाइलवर नाही येत सर. गाडीच्या पडद्यावर येतो.”

“पडदा बंद हाय म्हणून तर तक्रार करतोय!”

“सुरक्षेसाठी आहे सर. नाहीतर गाडी जवळ नसलेला माणूसही तक्रार करील.”

इथं राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. काकासाहेब मात्र चिडले नाहीत. हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर अर्जासोबत मूळ दाखला जोडावा, हा नियम त्यांच्या कार्यालयात खुद्द त्यांनी सुरू केला होता आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. आपल्या तोडीचा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटत होता. दुसरा एखादा दिवस असता तर त्यांनी सम्यकला घरी जेवायला बोलावलं असतं.

“स्क्रूड्रायव्हरनं उचकटता येतो का कप्पा?” राजनंदिनीनं विचारलं.

“येतो ना मॅडम. पण मग गाडीला वाटतं चोर शिरला. ती सगळी दारं लावून घेते आणि जागची हलत नाही.”

“एवढं बरं आठवतं तिला!”

“चोर विसरायचा नाही, मालक विसरला तर चालतो, अशी रचना आहे.”

“नवी मेमरी आज बसंल का?” काकासाहेबांचा आवाज आता खाली आला होता.

“बसेल सर, पण नवी मेमरी म्हणजे नवा जन्म. गाडीला कप्पा आहे हेच तिला माहीत नसतं. ते शिकवावं लागतं. शिकवणारे आज सुटीवर आहेत.” सम्यकनं वाकून दार उघडून धरलं. “आमच्या सेवेबद्दल तुम्हाला मेसेज येईल सर, पाच तारे द्या.”

“मेसेज कुठं येईल?”

“गाडीच्या पडद्यावर.”

तिघंजण पुन्हा त्या तापल्या पेटीत बसले आणि पाचोडकडे निघाले.  वाटेत आडूळ गाव आलं तेव्हा मेघाताईंनी पदरानं गळा पुसत मूळ दुखणं बाहेर काढलं.

“सखारामरावांनी तुमच्या शब्दावर हीच गाडी बुक केलीय. पुढच्या आठवड्यात येणारे. आज खरं सांगून टाका. अजून रद्द करता येती त्यांना.”

सखारामराव म्हणजे नवरदेवाचे वडील, पाचोडचे मोठे मोसंबीवाले. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी कप्पा उघडताना पाहिला होता आणि मुलीला काही विचारायचंच विसरले होते.

“सांगतो,” काकासाहेब म्हणाले.

“नक्की?”

“अगं सांगतो म्हणालो ना.”

काकासाहेबांच्या कार्यालयात ‘सांगतो’ या शब्दाला जो अर्थ होता, तो मेघाताईंना ठाऊक होता. त्यांनी पुढं विचारलं नाही.

पाचोडला मांडव भरलेला होता. गाडी दिसताच सखारामराव हात जोडून पुढं आले. दार उघडल्यावर आतून भट्टीसारखी झळ आली आणि तिच्यामागोमाग रंग उतरलेला फेटा घेऊन काकासाहेब आले. फेट्याचा गुलाबी रंग कानांवरून सदऱ्यावर ओघळला होता.

“पाव्हणं, एसी नव्हता का काय?”

“होता की. तब्येतीसाठी बंद ठेवतो. घाम निघालेला चांगला.”

मेघाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काकासाहेबांनी मांडवाच्या झालरीकडे पाहिलं.

विधी सुरू झाले. साडी दिली, ओटी भरली, पेढे फिरले, राजनंदिनीच्या बोटात अंगठी आली. मग गुरुजी म्हणाले, “मुलीकडची अंगठी आणा.”  काकासाहेब उठले नाहीत.

“अंगठी गाडीत हाय,” ते म्हणाले.

“मग आना की,” सखारामराव म्हणाले. “मुहूर्त चाललाय.”

हा तो क्षण होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सोयरीकही टिकली असती आणि व्याह्याचं बुकिंगही वेळेत रद्द झालं असतं. काकासाहेबांनी घसा साफ केला. समोर गाव बसलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्यांचा कप्पा पाहून ‘वा’ म्हटलं होतं, ते सगळे बसले होते.

“आणायची नसती,” काकासाहेब गंभीरपणे म्हणाले. “शहरात आता अंगठी बाहेर काढत नाहीत. सेफ्टीच्या दृष्टीनं. अंगठी कप्प्यात राहती, नवरदेव कप्प्यावर बोट टेकवतो. डिजिटल साखरपुडा.”

मांडवात कुजबुज झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, “आन् अंगठी कवा दिसनार?”

“मावशे, बँकेतला पैसा रोज दिसतो का तुला?” काकासाहेबांनी विचारलं. म्हातारीला ते पटलं. निदान पटलं नाही असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

सखारामरावांनी चारी बाजूंना पाहिलं. आपल्याला ही रीत माहीत नव्हती, हे गावापुढं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. “व्हय व्हय,” ते मोठ्यानं म्हणाले. “मीबी ऐकून व्हतो ह्याबद्दल. लई चांगली पद्धत. चला गाडीकडं!”

सगळा मांडव गाडीकडं सरकला. नवरदेव शिवमला पुढच्या सीटवर बसवलं, राजनंदिनीला ड्रायव्हरच्या जागेवर. गुरुजींना उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी बाहेरून मंत्र म्हटले, पण काच खाली होत नसल्यामुळं ते आत कुणालाच ऐकू गेले नाहीत. शिवमनं बंद कप्प्यावर बोट टेकवलं. बाहेर शंभर मोबाइल वर झाले.

शिवम वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर होता. ओठ न हलवता तो म्हणाला, “मेमरी गेली ना?”

“हो,” राजनंदिनी कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाली. “तुला कसं कळलं?”

“आमच्या साहेबाच्या गाडीची पण गेली. दोन महिने झाले, त्याचा चष्मा आत आहे.”

“मग सांग ना तुझ्या वडिलांना. बुकिंग रद्द करतील.”

“त्यांनी बुकिंगचे पेढे वाटलेत गावात. तुझे वडील का सांगत नाहीत?”

 काचेबाहेर दोघांचे वडील एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभे होते.

“बोट काढू का आता? चटका बसतोय.”

“थांब. अजून सगळ्यांचे फोटो झाले नाहीत.”

असा तो साखरपुडा पार पडला. निघताना सखारामरावांनी काकासाहेबांना बाजूला घेतलं. “पाव्हणं, खरं सांगा. आपल्या आपल्यात. गाडी कशी हाय?”

मेघाताई चार पावलांवर उभ्या होत्या. काकासाहेबांनी त्यांच्याकडे पाठ केली.

“गाडी एक नंबर हाय,” ते म्हणाले.

सखारामरावांची गाडी आली. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांनी ती चौकात लावली आणि सगळ्या बाजाराला कप्पा उघडून दाखवला, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवला, त्याच्या पुढच्याही आठवड्यात दाखवला. दरम्यान डिजिटल साखरपुड्याची रीत पंचक्रोशीत पसरली. ज्यांच्याकडे अशी गाडी नव्हती, त्यांनी तांगड्यांची आणून उभी केली. एका कार्यात तर नवरदेवाचं बोट फ्रिजला लावून भागवलं. शेवटी तांगड्यांची गाडी नवी मेमरी बसवायला कार्यशाळेत गेली, पण अंगठी अजून आतच आहे. कार्यशाळेतून दर सोमवारी उत्तर येतं, की गाडीचं शिक्षण सुरू आहे.

परवा पाचोडच्या एसटी थांब्यावर, पत्र्याच्या सावलीत, दोन व्याही समोरासमोर आले.

“अरे, एसटीनं?” सखारामराव म्हणाले.

“म्हटलं, जरा लोकांत मिसळावं. तुम्ही?”

“मीबी त्याच्यासाठीच.”



“गाडी बाकी कशी हाय?” काकासाहेबांनी विचारलं.

“एक नंबर. तुमची?”

“एक नंबर.”

तेवढ्यात शेजारी उभा असलेला एक माणूस पुढं सरकला. त्यालाही गाडी घ्यायची होती, आणि गाडी वापरणाऱ्या माणसाचं मत घ्यावं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोघांनी त्याला प्रेमानं मधे बसवून घेतलं आणि एसटी येईपर्यंत सगळं समजावून सांगितलं.

तुम्ही हसताय, हसा. पण त्या माणसाला खरं कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं आधी तुम्हालाच विचारलं होतं, तुमच्या घरच्या त्या महागाच्या वस्तूबद्दल, जी आणल्यापासून चौथ्यांदा दुरुस्तीला गेली आहे. तुम्ही काय सांगितलंत, ते त्याला अजून पाठ आहे.