जिभेचा नवस आणि वीतभर रुंद डेक

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले, पण जिभेचा नवस एकच. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, "ह्यांना धडधाकट घरी येऊ दे, 'मी सांगत होते ना' हे शब्द मी पुन्हा उच्चारणार नाही." (साखर सोडायचंही मनात आलं होतं. पण देवाला आपलं सर्वांत लाडकं द्यावं म्हणतात, आणि उभ्या संसारात मला त्या चार शब्दांइतकं गोड काही लागलं नव्हतं.)

देवाने आपला शब्द पाळला. हे घरी आले, आणि चालायला लागल्याबरोबर थेट ट्रॅक्टरकडे गेले.

ट्रॅक्टर म्हणजे आमच्या मागच्या अंगणातलं गवत कापायचं बुटकं वाहन. वयाने आमच्या लग्नाच्या जरा मागेपुढे. त्याच्या पोटाखाली पात्यांचा पसरट पत्र्याचा डबा असतो, त्याला डेक म्हणतात. तो गंजून चाळणी झाला होता. त्या मापाचा आता मिळत नाही, म्हणून ह्यांनी भंगारवाल्याकडून नव्या मॉडेलचा डेक आणला. वीतभर जास्त रुंद.

"अहो, हा बसेल का?"

"न बसायला काय झालं? कंपनी एकच आहे."

"भाऊ सख्खे असले तरी एकाचा सदरा दुसऱ्याला होतोच असं नाही."

"तू बघच!"

मग मी बघत राहिले. भोकं जुळेनात. ह्यांनी नवी पाडली, तीही जुळेनात. पाती फिरवणारा पट्टा आखूड पडला. दुसरा आणला, तो लांब झाला. दर वेळी ते चार शब्द माझ्या दातांपर्यंत येऊन उभे राहायचे, आणि दर वेळी मी पाण्याचा घोट तोंडात धरून उभी राहायचे. (इतकं पाणी मी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून प्यायले नव्हते.)

"बोल, बोल एकदाचं!" हे ट्रॅक्टरखालून ओरडले.

मी घोट गिळला. "मी कुठे काय म्हणाले?"

"तुझ्या भुवया म्हणाल्या."

भुवयांबद्दल देवाशी काहीच ठरलं नव्हतं, तरी मी त्याही खाली घेतल्या.

हे सगळं चाललं होतं शेडमध्ये, सावलीला. शेडचं दार विटांच्या दोन खांबांत बसवलेलं, ट्रॅक्टरला जेमतेम पुरणारं. "बाहेर घेऊन बसवा ना," मी सुचवलं होतं. त्यावर हे म्हणाले, "रोज ह्याच दारातून जातो-येतो तो. दार ओळखतं त्याला!"

अखेर डेक बसला. हे थाटात सीटवर चढले, चावी फिरवली, गिअर टाकला आणि धाडकन आवाज झाला. पुढची चाकं बाहेर, डेक खांबांत, आणि हे सीटवर बसून दूर क्षितिजाकडे बघतायत.

माझ्या तोंडात पाणी नव्हतं. जीभ उचलली गेलीच होती. तेवढ्यात तो हॉस्पिटलचा बाक आठवला. दिलेलं देव परत मागेल, या भीतीने मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आवाजाने शेजारून धाकटी नणंद धावत आली. तिने काही नवस बोललेला नव्हता.

"दादा, हा ट्रॅक्टर आत बांधलास की आतच जन्मला? वहिनी बाहेर घे म्हणत होती ना रे!"

माझ्या वाटचं कुणीतरी बोललं. इतकं बरं वाटलं की मी तिला चहा पाजला.

मग ट्रॅक्टर मागे घेतला, डेक काढला, उभा धरून बाहेर नेला, मागोमाग ट्रॅक्टर काढला आणि गवतात पालथं पडून ह्यांनी तो पुन्हा बसवला. पाने-पक्कड मी देत होते. कंबर माझी मोडली, घाम ह्यांनी पुसला. पण या खेपेला पाती फिरली! गुडघाभर गवत सतरंजीसारखं होत चाललं.

मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. हे ओरडले, "अगं, डेक आता बाजूला जास्त येतो, त्या चादरी उचल!"

"दोरी तीच, चादरी त्याच. रोज तर जाता इथून!" मी म्हणाले.

आधी चादरीचं जमिनीला टेकलेलं टोक पात्यांत गेलं. मागोमाग चादर गेली, मग दोरी, आणि दोरीबरोबर माझे दोन परकर. इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झालं.

हे खाली उतरले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला.

"मी! सांगत! होतो! ना!"

खरं सांगते, ऑपरेशननंतर त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पाहिलं नव्हतं. कुंपणापाशी जाऊन त्यांनी ते नणंदेला ऐकवलं, पोस्टमनला ऐकवलं, आणि तेव्हापासून जेवायला बसताना रोज मला ऐकवतात. तब्येत उत्तम आहे.

तेव्हा बायांनो, माझं एवढं ऐका. हा नवस तुम्हीही जरूर बोला. फार गुणाचा आहे, देव हमखास ऐकतो. फक्त बोलताना नवऱ्याचं नावही सोबत घाला. मी घाईघाईत एकटीचंच घातलं.