सतरा टिटव्या आणि एक आत्मविश्वास मेळावा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचं बरं चाललं होतं. फक्त ते नेमकं किती बरं चाललंय, हे मोजायचं राहून गेलं होतं.

म्हणून तिथे एक केंद्र निघालं. अरण्य विकास अभ्यास केंद्र. केंद्राच्या प्रमुख होत्या एक हत्तीणबाई. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम मनाने फार चांगल्या होत्या. पण हत्तीचं मन पडतं खूप उंचावर. पायाशी काय आहे, ते तिथून दिसत नाही.

मॅडमच्या हाताखाली एक वानर होता. तो समन्वयक होता. समन्वयक म्हणजे काय, असं मध्येच विचारू नका. तो या फांदीवरून त्या फांदीवर जायचा आणि प्रत्येक फांदीवर "मी बघतो" म्हणायचा. त्याला सगळे सर म्हणत.

आणि सरांच्या हाताखाली होती एक खार. मृण्मयी तिचं नाव.

मृण्मयी शिकलेली होती. चांगली दोन झाडं शिकलेली. त्यामुळे तिला कुठल्याच गोष्टीची खात्री वाटत नसे. त्यात घरी लहान पिल्लू. नुकते कुठे त्याचे डोळे उघडलेले. सकाळी कामावर निघताना ती ढोलीत तीनदा डोकावायची. पोट भरलंय ना? कापूस नीट आहे ना? तोंडावर तर येणार नाही ना?

"जा गं बाई," सासूबाई आतून म्हणायच्या. "जगातल्या बायकांचं भलं कर जा. आमचं आम्ही बघतो."

मग मृण्मयी जायची. आणि वाटभर विचार करायची, की सासूबाई टोमणा मारत होत्या की खरंच जा म्हणत होत्या? की दोन्ही?

तर त्या वर्षी केंद्राने एक प्रकल्प घेतला. परिघावरच्या माद्यांचं सक्षमीकरण. परिघावर कोण राहतं, हे बघायला सर एका उंच झाडावर चढले. जंगल संपतं तिथे एक उघडा माळ होता. माळावर सतरा टिटव्या राहत होत्या. ठरलं. टिटव्यांना सक्षम करायचं.

आता कुणालाही सक्षम करायचं तर आधी तो किती अक्षम आहे ते लिहून घ्यावं लागतं. त्यासाठी सरांनी वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि मृण्मयीला माळावर धाडलं.

पहिलीच भेटली ठकूबाई. ही टिटव्यांमधली सगळ्यात थोरली. पिवळ्या लांब पायांची आणि त्याहून लांब जिभेची.

"मावशी, पाच मिनिटं वेळ आहे का?"

"सरक."

"अं?"

"दोन पावलं सरक आदी. त्या अंगाला नको, ह्या अंगाला. हां. आता बोल."

मृण्मयी सरकली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. तिला नेहमीच तसं वाटायचं.

"घरातले निर्णय कोण घेतं, मावशी? तुम्ही की काका?"

"साप आला की मी. कोल्हा आला की ते."

"पण इथे एकच नाव लिहायचंय."

"मग साप आन् कोल्ह्याला सांग, पाळीनं येत जा म्हणावं."

मृण्मयीने दोन्हीच्या मध्ये खूण केली. ती चुकीची होती, हे तिला कळलं. पण बरोबर कुठली, तेही कळेना. ती पुढच्या प्रश्नावर गेली.

"तुमचं घर कच्चं आहे की पक्कं?"

ठकूबाईने मान वळवून दुसरीकडेच पाहिलं. "घर? आमाला कसलं आलंय घर. उगडं रान हाय आपलं."

"म्हणजे घर नाही?"

"न्हाई म्हणून सांगतेय ना."

मृण्मयीला आपली ढोली आठवली, ढोलीतला कापूस आठवला. तिने लिहिलं, 'बेघर. जागा रिकामी.'

पुढचा प्रश्न होता, तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती? उत्तरं चार. पाणी, अन्न, निवारा, आत्मविश्वासाचा अभाव.

"माजी अडचण?" ठकूबाई म्हणाली. "तू. कवाधरनं हुबी हायेस हितं."

हे उत्तर चारांत नव्हतं. पूर्वी 'इतर' असं एक पाचवं उत्तर असायचं. पण सगळे तेच निवडायला लागले, म्हणून सरांनी ते काढून टाकलं होतं. पाणी ओढ्याला होतं. किडे माळावर भरपूर होते. निवाऱ्याचं विचारलं, तर ठकूबाई "तो नगंच" म्हणाली. मग राहिला आत्मविश्वास. मृण्मयीने तिथे खूण केली.

सतराच्या सतरा टिटव्यांनी हेच सांगितलं. घर नाही. सरक. आणि तू जा आता.

आकडे पाहून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. हत्तीच्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे थोडंथोडकं नसतं. खाली बसलेले सर भिजले.

"सतरापैकी सतरा बेघर! आणि एकीलाही आत्मविश्वास नाही!" मॅडम म्हणाल्या. "आपण त्यांच्या दारात जाऊन मेळावा घेतला पाहिजे."

"दार नाहीये मॅडम," सर म्हणाले.

"मग माळावर. तो रिकामाच आहे. मृण्मयीने लिहिलंय तसं."

तारीखही लगेच ठरली, कारण उत्तरेकडचे करकोचे तेव्हा जंगलात उतरले होते. त्यांच्याच देणगीवर केंद्र चालायचं. आणि उन्हं वाढली की ते परत उडणार होते. म्हणजे मेळावा परवाच. मॅडम, त्यांच्या सहा बहिणी, पन्नास रानगवे आणि स्वागताला हरणांचं पथक.

आमंत्रण द्यायला अर्थात मृण्मयीच गेली.

"परवा मेळावा आहे, मावशी. इथेच. तुमच्या माळावर. मॅडम स्वतः येणार आहेत, सगळ्या हत्तिणींना घेऊन!"

आणि मुलांनो, ठकूबाई गप्प झाली. टिटवी कधी गप्प झालेली पाहिलीय तुम्ही? मृण्मयीनेही पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने ठकूबाई म्हणाली, "हिकडं ये. पाय बघून टाक."

ती तिला सात-आठ पावलांवर घेऊन गेली.

"बघ."

"काय बघू? खडे आहेत."

"बघ म्हणते ना."

मृण्मयीने पाहिलं. जमिनीत जराशी खोलगट जागा. त्यात चार खडे. मातकट, काळ्या ठिपक्यांचे. आणि त्यातला एक खडा आतून वाजत होता. टक. टक.

मृण्मयीने आपले चारही पाय जवळ ओढून घेतले.

"तुम्ही तर म्हणालात घर नाही!"

"मग काय वरडून सांगू, ह्ये बघा माजं घर म्हणून? आमच्यात कुनी घर सांगत न्हाई. परवा कोल्हाबी ह्येच इचारत होता. घर कुठंय, पोरं किती. त्याच्याकडं कागद नव्हता येवढंच."

"सगळ्यांचीच आहेत?"

"सतराजणींची. चार दिसांत फुटतील. मंग पोरं पळत्यात, कुनाच्या बापाला घावायची न्हाईत." ठकूबाईने चोच तिच्या कानाशी आणली. "तुला दावलं, कारन तुज्या अंगाला दुधाचा वास येतोय. आता काय करायचं ते बघ."

काय करायचं! मृण्मयी पळत पळत मॅडमकडे गेली. तिला धाप लागली होती.

"मॅडम, माळावर अंडी आहेत!"

"अहवालात आहेत का?" सरांनी विचारलं.

"नाहीत. पण..."

"जागा रिकामी, असं तूच लिहिलंयस. सतरा वेळा."

"माझं चुकलं, सर. मेळावा चार दिवस पुढे ढकला. नाहीतर दुसरीकडे घ्या."

मॅडमनी सोंडेने तिला हळूच उचललं आणि डोळ्यांसमोर धरलं. "मृण्मयी, तू नवी आई आहेस. मी समजू शकते. तुला सगळीकडे अंडीच दिसणार. आणि खरंच असतील, तर पुढच्या टप्प्यात आपण अंड्यांवर स्वतंत्र प्रश्न घालू. पण पाहुणे परवाच्या परवा उडणार, बाळ."

त्या रात्री पिल्लू झोपलं, पण मृण्मयी नाही झोपली. एकेकदा वाटे, राजीनामा द्यावा. पण राजीनाम्याने हत्ती थोडेच थांबतात? आणि सासूबाईंना काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीनदाच्या ऐवजी सातदा डोकावून पाहिलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. मृण्मयीला मॅडमच्या डोक्यावर, दोन कानांच्या मध्ये बसवलं होतं. वाट दाखवायला. मागे हत्तिणी, गवे, हरणं. वर आभाळात करकोचे. जमीन हलत होती. आणि समोर माळ दिसायला लागला. इतका मोकळा, इतका सपाट, की कुणालाही तिथे मेळावा घ्यावासा वाटावा.

पन्नास पावलं राहिली. चाळीस.

तेवढ्यात वाटेवर ठकूबाई आली. एक पंख जमिनीवर घासत, एका अंगावर कलंडत, धडपडत. "टिटिव! टिटिव! मेले गं बाई! मोडला गं माजा पंख!"

"थांबा!" मॅडम गरजल्या. "लाभार्थी जखमी आहे!"

सगळी वरात थांबली. मॅडमनी सोंड पुढे केली. ठकूबाई धडपडली आणि दहा पावलं पुढे जाऊन पडली. माळाच्या दिशेला नाही. डावीकडे, ओढ्याच्या अंगाला. मॅडम वळल्या आणि दहा पावलं चालल्या. ठकूबाई पुन्हा धडपडली. सोंड पोचणार, की ती पुढे. आणखी दहा पावलं.

सरांनी डोकं खाजवलं. ते वानर होते, सोंगं त्यांनीही केली होती. "मॅडम, हिने मघाशी वरून चक्कर मारलेली मी पाहिली. मृण्मयी, तू तपासलंयस ना हिला? हिचा पंख धड होता ना?"

सगळे थांबले. सगळ्यांनी मृण्मयीकडे पाहिलं. ठकूबाईनेही पाहिलं. पण एकच क्षण. मग तिची नजर मागे माळावर गेली आणि झटकन परत आली. मृण्मयीला ती नजर ओळखू आली. ती स्वतः रोज सकाळी ढोलीकडे तशीच बघायची.

आणि जिला आजवर कशाचीच खात्री वाटली नव्हती, त्या खारीने खणखणीत आवाजात सांगितलं, "पंख पहिल्यापासूनच मोडलेला आहे, सर. प्रश्न क्रमांक नऊ. आरोग्य. मीच लिहिलंय."

प्रश्न क्रमांक नऊ काय होता, हे सरांनाही आठवत नव्हतं. प्रश्नावली त्यांनीच केली होती, म्हणून ते विचारूही शकले नाहीत.

"मी बघतो," ते म्हणाले.

"चला!" मॅडम म्हणाल्या. "आज हिला एकटी सोडायची नाही!"

आणि निघाली की वरात. पुढे कण्हणारी ठकूबाई, मागे सात हत्तिणी, पन्नास गवे आणि एक स्वागतपथक. ओढा गेला. करवंदीच्या जाळ्या गेल्या. पार दोन कोसांवर बांबूचं बेट लागलं, तिथे ठकूबाई एकदाची निपचित पडली. मग मेळावाही तिथेच घ्यायचं ठरलं, कारण परत जायला सगळ्यांचेच पाय दुखत होते.

मॅडम फार सुंदर बोलल्या. "भगिनी, ऊठ. तुझ्यात बळ आहे. फक्त तुला ते माहीत नाही. पंख पसर. आभाळ तुझंच आहे."

ठकूबाईने एक डोळा उघडला. सूर्य किती कलला, ते बघितलं. आता ही मंडळी माळावर काही जात नाहीत, अशी खात्री करून घेतली. मग ती उठली, दोन्ही पंख झटकले, आणि भुर्रकन उडून गेली. सरळ, उंच, घराच्या दिशेने.

करकोच्यांनी चोची वाजवायला सुरुवात केली. गव्यांनी खूर आपटले. मॅडम रडल्या. सर या वेळी लांब उभे होते.

"एका भाषणात!" मॅडम म्हणाल्या. "मृण्मयी, लिही! एका भाषणात!"

मृण्मयीने लिहिलं. आणि सगळ्यांच्या आधी पळत घरी गेली. पिल्लू मजेत झोपलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "झालं का भलं?" ती म्हणाली, "हो." आणि पहिल्यांदाच 'हो' म्हटल्यावर तिला आणखी काही जोडावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी माळावरचे सगळे खडे फुटले. सतरा घरांतली पोरं तुरुतुरु पळाली.

अहवाल गाजला. करकोच्यांनी तो उत्तरेत नेऊन वाचला. मृण्मयीला बढती मिळाली आणि तिने पहिलं काम केलं, प्रश्नावलीत 'इतर' परत घातलं. सरांनी दुसऱ्याच दिवशी ते काढून टाकलं.

आता दर वर्षी उन्हाळा लागला की मेळावा असतो. माळावर नाही. बांबूच्या बेटातच, कारण तिथली हवा पंखांना मानवते, असं अहवालात सिद्ध झालं आहे. दर वर्षी एक नवी टिटवी पंख मोडून वाटेत पडते, दोन कोस मंडळींना फिरवते आणि भाषणानंतर बरी होते. मेळाव्याच्या महिनाभर आधी सतराजणी माळावर जमतात आणि यंदा कुणाची पाळी, ते ठरवतात. खूप भांडतात. ज्या टिटवीची अंडी उशिरा, तिला सूट. जी नीट कण्हत नाही, तिला ठकूबाई शिकवते. टिटव्यांची संघटना कशी उभी करावी, यावर केंद्र गेली सहा वर्षं अभ्यास करतंय. अजून काही हाती लागलेलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, स्वतःच्या पंखांवर भरवसा ठेवावा आणि ताठ मानेने उडावं. मात्र कुणी आपल्याला सक्षम करायला येताना दिसलं, की ताबडतोब लंगडायला लागावं आणि घराच्या उलट दिशेला चालत सुटावं.