रोजची पाच वाक्यं

स्पॅनिश शिकायचं मी ठरवलं ते साहेबांमुळे. आमच्या पत्रव्यवहार विभागात एक खुर्ची रिकामी होणार होती आणि तिथे त्यांना परदेशी पत्रं वाचता येणारा माणूस हवा होता. (बावीस वर्षांच्या कारकुनीत मला झालेली ही एकमेव महत्त्वाकांक्षा.)

"आधी दादांना भेटून या," बायको म्हणाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोन बस बदलल्या की तासाभरात त्याचं घर. हल्ली त्याला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. डॉक्टरांनी वहिनींना स्पष्टच सांगितलं होतं, ज्यांना भेटायचंय त्यांनी लवकर भेटून घ्या.

"या रविवारी नक्की," मी म्हणालो आणि रविवारच्या क्लासला नाव घातलं.

दुसऱ्याच महिन्यात 'देबेर' या क्रियापदाशी गाठ पडली. 'केलं पाहिजे' हा त्याचा अर्थ, 'देणं लागतो' हाही, आणि वर 'असेल बहुतेक' हासुद्धा. माझ्या स्वभावाला इतकं धरून असलेलं क्रियापद मला मराठीतही भेटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हे पाठ करून कळायचं नाही. आपल्या घरातली खरी वाक्यं करा. रोज पाच."

मी इमानेइतबारे केली. 'मी शेगडी दुरुस्त केली पाहिजे.' 'मी दादाला भेटायला गेलं पाहिजे.' दादाच्या वाक्यापुढे बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केली आणि खाली 'उत्तम' लिहिलं. खोटं कशाला बोलू, ती खूण पाहून मला दोन्ही बस बदलून जाऊन आल्यासारखं हलकं वाटलं. मग काय, रोज सपाटाच लावला. शनिवारी गेलं पाहिजे. फळं नेली पाहिजेत. त्याच्याजवळ बसलं पाहिजे. एकदा 'दादा बरा असेल बहुतेक' असंही लिहिलं. तेही बरोबर आलं.

"अहो, दादांचं काय झालं?"

"कालच केलं की."

"फोन?"

"वाक्य."

बायकोने वही ओढून घेतली. सगळी पानं उलटली. "एकोणचाळीस वेळा बरोबर," ती म्हणाली, "आणि एकदाही गेला नाहीत." मग तिने माझ्या चपला आणून दारात ठेवल्या. (शेगडीचं तिने काढलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते माझ्या लक्षात आलं.)

वहिनींनी दार उघडलं. "उशीर केलात हो, भावजी," एवढंच म्हणाल्या. दादा खिडकीशी बसला होता. फार वाळला होता. शेजारी एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर मी टेकलो.

"कोण आपण?" त्याने अगदी अदबीने विचारलं. ज्याने मला सायकल शिकवताना चार कानफटात ठेवून दिल्या, तो मला 'आपण' म्हणत होता.

"दादा, मी आलोय रे."

"बरं बरं," त्याने माझी समजूत घातली. "बसा. पण माझा धाकटा भाऊ आला की उठावं लागेल हं. त्याच्यासाठी मांडतो मी ही रोज. कामाचा माणूस आहे, वेळात वेळ काढून येईल."

मला रडू आवरेना. मी खुर्ची सोडून उभा राहिलो.

"अहो, बसा, बसा," दादा घाईने म्हणाला. "इतक्यात कुठला येतोय तो!"