सरांचं अर्धं वाक्य

आमच्या शेजारचे रामटेके सर कुणाशीच पूर्ण वाक्य बोलत नाहीत. इंग्रजीत अर्धं बोलतात आणि उरलेलं आपण बोलावं म्हणून तोंडाकडे बघत उभे राहतात.

या उन्हाळ्यात मी अंगणात पापड वाळत घातले होते. भिंतीपलीकडून सर मोठ्यानं म्हणाले, "इफ इट रेन्स...?" मी चौथी शिकलेली, त्यात चारचौघांत माझा आवाज निघत नाही. मी गप्प. सरही वाट बघत गप्प. तेवढ्यात पाऊस आला आणि पापडांचा लगदा झाला.

"द पापड विल गेट वेट," सर म्हणाले. "पाऊस आला तं पापड भिजतीन. असं पुरं करा लागते, सूनबाई."

सरळ मराठीत हाक मारली असती तर माझे पापड वाचले नसते का?

आमच्या बेला गावात त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नाही. दूधवाल्याला दारात अडवतात. भाजीवाली तेलुगूत काहीतरी पुटपुटून टोपली उचलते. आमचे मालक तर मागच्या दारानं ऑफिसला जातात. कुणी मराठीत उत्तर दिलं तर सर ते धरत नाहीत. कुणी चुकलं की त्यांचा ठरलेला दाखला येतो: "'विल' ही 'तर'च्या घरची सून हाय. 'जर'च्या घरात ती पाय ठेवत नाही."

गेल्या दिवाळीत सरांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या खिडकीजवळ खाटेवर असतात, एक शब्द बोलत नाहीत. तरी सरांचं सुरूच. आधी ट्यूशनच्या पोरांपुरतं होतं, आता गल्लीभर. उलट आवाज वाढला.

परवा मी सरांसाठी चहा घेऊन गेले आणि हळूच बोलून टाकलं, "सर, घरात माणूस आजारी, अन् तुमी गल्लीत शाळा काऊन भरवून राह्यले?"

सरांनी मान खाली घातली.

"डॉक्टरनं सांगतलं, तुमी अर्धं बोला, बाकीचं तिच्याकडून येऊ द्या. समोर बसून इचारलं तं ती रडते. म्हणून खिडकीतून आयकू जाईन असं साऱ्यायले इचारतो. ट्यूशनच्या पोरायच्या आधी सैपाकघरातून हिचंच उत्तर येत होतं ना. एखांद्या वेळी सवयीनं देऊन टाकीन."

चहाचा कप त्यांच्या हातात देऊन मी खाटेजवळ बसले. इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीतच विचारलं, "काकू, सरांनी चहा नाही पेला तं...?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग सरांच्या हातातल्या कपाकडे. सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंचे ओठ हलले.

"थंडा... होईन."

सरांनी कप तोंडाला लावला. वाफा निघणारा चहा एका दमात पिऊन टाकला, नक्कीच जीभ भाजली असणार. मग रिकामा कप माझ्यापुढे धरला.

"आखीन आणा, सूनबाई. चांगला गरम."