काशीला सोडलेला चहा

लेकीच्या बाळंतपणासाठी देवळ्याला निघताना कुसाबाईंनी सगळं घर सुनेच्या हवाली केलं आणि एकच सूचना दिली. "तेजू, बाकी काय बी करपू दे, उतू जाऊ दे. फक्त तुझ्या सासऱ्यांचा चहा सांभाळ."

सासऱ्यांचा चहा म्हणजे गोटीरामचा पाल्याचा चहा. त्याचं असं झालं, की तिचे सासरे धोंडीराम काशीला जाऊन आले होते. काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडून यायची. शहाणी माणसं कारलं सोडतात, पडवळ सोडतात. धोंडीरामांनी चक्क चहा सोडला! उठता-बसता चहा लागणारा माणूस, पण सोडला तो सोडला. सायखेड्याच्या भावकीपासून नाशिकच्या कॉलनीपर्यंत लोक त्यांना हात जोडत. तेव्हापासून ते पिंपळगाव बसवंतच्या गोटीरामच्या घराण्याचा चहा पीत. तुळस, गवती चहा, सुंठ आणि ज्येष्ठमध. लहानपणी सर्दी झाली की धोंडीरामांची आई हाच पाजायची. तेजस्विनीला सासऱ्यांचा फार अभिमान होता. तिला स्वतःला जेवतानासुद्धा मोबाइल सोडवत नव्हता.

कुसाबाई गेल्या आणि आल्यागेल्याला पाजून धोंडीरामांनी डबा रिकामा केला. तेजस्विनी दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला, "ताई, तो माल बंद झाला. गोटीराम अण्णांनी धंदाच गुंडाळला."

धोंडीरामांनी आधी डोकं धरलं, मग डोक्याला पंचा बांधला, आणि मग पेपरवाल्यापासून पंख्यापर्यंत सगळ्यांवर खेकसायला सुरुवात केली. तुळशीवाचून कुणाचं डोकं एवढं ठणकतं, हे तेजस्विनीला नवीनच होतं. पण सासूला फोन करायचा नाही, हे तिनं ठरवलं. पहिल्यांदाच घर हातात आलेलं, आणि एवढी एक गोष्ट सांभाळता आली नाही म्हणून कसं सांगायचं?

तिचा नवरा संतोष कंपनीतून येताना एक महागडं खोकं घेऊन आला.

"काय हाय ह्ये?"

"ग्रीन टी, आबा. एकदम हर्बल."

"टी म्हंजे काय रं?"

संतोष खोक्यावरची अक्षरं वाचायला लागला.

"टी म्हंजे चहा! माझी काशी बुडवायला निघालास व्हय?"

मग शेजारच्या विमलाबाई धावून आल्या. भद्रकालीतल्या एका काष्ठौषधीवाल्याकडचा पाला त्यांनी आणून दिला. चव अगदी जवळपास जमली होती. फक्त त्यात सोनामुखी होती. दुसरा दिवस धोंडीरामांनी संडासातच काढला. तिथूनही ते ओरडत होते, "सूनबाई, हा नव्हं गं तो!"

तेजस्विनीनं शेवटी एसटी पकडली आणि थेट पिंपळगाव गाठलं. गोटीराम अण्णा ओट्यावर बसले होते. तिनं काशीपासून सोनामुखीपर्यंत सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडूच आलं. अण्णांचेही डोळे भरून आले. "माझ्या चहासाठी जीव टाकणारं माणूस अजून हाय म्हणायचं! चल पोरी, माझ्या हातानं करून देतो."

अण्णांनी नाशिकला येऊन तेजस्विनीच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर स्वतः पाला निवडला, सुंठ कुटली, चहा उकळला आणि कप धोंडीरामांच्या हातात दिला. धोंडीरामांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हा गोटीरामचा नव्हं."

"अवो, मीच गोटीराम!"

"असाल. पण चहा त्यांचा नाय."

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. धोंडीराम पंचा आवळत म्हणाले, "बास झालं आता. सूनबाई, उद्या सकाळी साधा चहा टाक. काशीविश्वेश्वर बघून घेईल."

एवढ्या मोठ्या माणसाचं व्रत मोडणार, आणि तेही तेजस्विनीच्या राज्यात! ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि तिनं देवळ्याला फोन लावला.

"आई, तो चहा बंद झाला, अण्णांनी स्वतः केला, तरी आबा म्हणतात..."

"डबा संपवला व्हय एवढ्यात?" कुसाबाईंनी आवाज खाली आणला. "अण्णांचा चहा हाय ना उरलेला? परत उकळ. त्यात आपण पितो ती चहा पावडर टाक. दोन चमचे."

"आई! काशी!"

"काशीला त्यांनी सोडला, मी नाय सोडला. पहिले आठ दिवस नुसत्या पाल्यावर काढले, तर त्यांच्या खेकसण्यानं गल्लीतलं कुत्रं दारात येईना. तवापासून मीच डब्यात मिसळते."

"पण पाप?"

"लागलं तर मला लागंल. मी टाकताना डोळे मिटते. तू बी मीट."

तेजस्विनी थक्क झाली. इतकी वर्षं गावानं हात जोडले धोंडीरामांना. जोडायला हवे होते या बाईला. तिनं डोळे मिटून पावडर टाकली. दोनाचे तीन चमचे झाले ते त्यामुळेच.

धोंडीरामांनी घोट घेतला, पंचा सोडला आणि किती तरी दिवसांनी हसले. "हाच! हाच गोटीरामचा चहा!"

अण्णांनी आपली बशी तोंडाला लावली. एक घोट, दुसरा घोट, आणि मग ते तेजस्विनीकडे बघतच राहिले.

"पोरी," अण्णा हळूच म्हणाले, "असा चहा मी केला असता, तर धंदा कशाला बंद पडला असता?"

"अण्णा, जीभ तयार व्हावी लागती," धोंडीरामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही बी एकदा साधा चहा सोडून बघा."

अण्णांनी बशी चाटूनपुसून रिकामी केली आणि तेजस्विनीपुढे धरली.

"सोडला," ते म्हणाले. "ह्याच घटकेला सोडला. ओत अजून."